अडगळींतील वीज

विजेच्या इतिहासावरील ग्रंथ चाळूं लागलें म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानांत येते. हा इतिहास बहुतेक मोठमोठ्या कारखान्यांचा, धरणांचा आणि तारांच्या जाळ्यांचा असतो. इ. स. १८८२ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेस एडिसन यांनीं न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवरील विद्युद्गृह चालू केलें, तेथून कथेस आरंभ होतो. पुढें नायगाऱ्याचा धबधबा येतो, मग सरकारी योजना येतात, आणि शेवटीं वीज ही गंगेप्रमाणें वरून खालीं वाहत आली व लोकांनीं ओंजळ पुढें करण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं, असा वाचकाचा ग्रह होतो. हा ग्रह फार तर अर्धा खरा आहे. ज्यांच्या दारापर्यंत तार आलीच नाहीं, किंवा आली ती शत्रूनें तोडली, किंवा आहे परंतु तिच्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं, अशा माणसांनींहि विजेचा एक इतिहास घडविला आहे. तो त्यांनीं बहुधा इतरांनीं टाकून दिलेल्या सामानांतून घडविला. त्यामुळें त्याचीं दप्तरें कोणीं ठेविलीं नाहींत. त्या इतिहासाचीं कांहीं पानें आज वाचकांपुढें उलगडण्याचा आमचा विचार आहे.

ह्या कथेचा नायक म्हणजे शिशाचा घट. ज्यास आपण बोलण्यांत बॅटरी म्हणतों तो. व्होल्टानें इ. स. १८०० मध्यें चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यांत भिजविलेले पुठ्ठे यांची चळत रचून विजेचा अखंड प्रवाह प्रथम जगास दाखविला. परंतु ती चळत एकदां थकली म्हणजे कायमची थकली. झिजलेल्या जस्ताच्या जागीं नवें जस्त आणावें लागे. गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे दोन पत्रे, ते एकमेकांस शिवणार नाहींत अशा बेतानें, एकत्र गुंडाळले आणि पातळ केलेल्या गंधकाम्लांत बुडविले. ह्या घटांत बाहेरून वीज सोडली म्हणजे एका पत्र्यावर शिशाचें तपकिरी भस्म चढतें व दुसऱ्यावर भुरें, सच्छिद्र शिसें राहतें. वीज काढून घेतली म्हणजे दोन्ही पत्र्यांवर एकच पांढुरका क्षार जमूं लागतो. पुन्हा वीज सोडली कीं पूर्वस्थिति. थकवा आला तर विश्रांतीनें नव्हे पण नव्या खुराकानें उठून उभा राहणारा हा पहिला घट होय. गंमत अशी कीं प्लांतेच्या वेळीं हा घट भरावयास जस्ताच्या जुन्या घटांखेरीज चांगलें साधन नव्हतें. म्हणजे एका रांजणांतलें पाणी दुसऱ्या रांजणांत ओतण्याचाच तो प्रकार झाला. डायनामो आल्यावर त्याचें खरें मोल कळलें. १८८१ च्या सुमारास कामिय फॉर ह्यानें पत्र्यांवर शिशाच्या तांबड्या भस्माचा लेप देण्याची युक्ति काढली. हें तांबडें भस्म म्हणजे आपला शेंदूरच! खेड्यापाड्यांतील मारुतीच्या अंगावर जो चढतो तोच पदार्थ पॅरिसमध्यें वीज धरून ठेवण्याच्या कामीं आला. त्याच वर्षीं असा भरलेल्या घटांचा एक पेटारा पॅरिसहून ग्लासगोस विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांजकडे पाठविण्यांत आला, आणि वीज पेटींत घालून समुद्रापार नेतां येते हें पाहून त्या थोर शास्त्रज्ञासहि मोठें कौतुक वाटलें.

त्याच ग्लासगो शहरांत अँडरसन्स कॉलेजांत जेम्स ब्लाइथ नांवाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांचें मूळ गांव स्कॉटलंडच्या ईशान्य भागांतील मेरीकर्क. तेथें सुटींत राहण्यासाठीं त्यांची एक लहानशी बंगली होती. १८८७ च्या जुलईंत त्यांनीं ह्या बंगलीच्या बागेंत सुमारें ३३ फूट उंचीची पवनचक्की उभारली. तिचीं शिडें कापडाचीं होतीं. चक्की डायनामो फिरवी, आणि डायनामोची वीज फॉरच्या घटांत सांठविली जाई. वारा हा मोठा लहरी. दिवा लावण्याच्या वेळीं तो वाहीलच असा नेम नाहीं. म्हणूनच ब्लाइथ यांच्या ह्या कृतींत चक्कीपेक्षां घटांचें महत्त्व आम्हांस अधिक वाटतें. पवनचक्क्या युरोपांत शतकानुशतकें दळण दळीत होत्या. परंतु वाऱ्यानें आज दुपारीं केलेलें काम उद्यां रात्रीं उपयोगास यावें, ही तजवीज नवी होती. पवनचक्कीच्या विजेनें उजळलेलें जगांतील पहिलें घर तें हेंच, असें सामान्यतः मानतात. वीज घरास पुरून उरूं लागली तेव्हां प्राध्यापकमहाशयांनीं गांवच्या मुख्य रस्त्यावर दिवे लावून देण्याची तयारी दाखविली. गांवकऱ्यांनीं ही सैतानाची करणी आहे म्हणून ती नाकारली, असें सांगतात. प्राध्यापकाच्या सूचनेस गांवानें मान न देण्याचा हा प्रकार आमच्या व्यवसायबंधूंस सर्व देशांत परिचयाचा आहे. पुढें १८९५ सालीं ब्लाइथ यांनीं माँट्रोझ येथील वेड्यांच्या इस्पितळास, अडीअडचणीच्या वेळीं वीज मिळावी म्हणून, अशीच परंतु अधिक मोठी चक्की बसवून दिली. शहाण्यांनीं नाकारलेला दिवा वेड्यांच्या दारीं लागला, आणि तोहि मुख्य सोय बंद पडल्यास हाताशीं असावा ह्या हेतूनें. आज इस्पितळांतून जी पर्यायी वीज ठेवितात तिची वंशावळ काढूं लागल्यास माँट्रोझचें नांव घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं.

अमेरिकेंत क्लीव्हलंड शहरीं चार्ल्स ब्रश यांनींहि १८८७-८८ च्या हिवाळ्यांत आपल्या वाड्यामागें एक चक्की उभारली. तिच्या चक्राचा व्यास ५६ फूट, पातीं १४४, तळघरांत घट ४०८, आणि घरांत दिवे ३५०. ब्रश हे स्वतः मोठे शोधक आणि लक्षाधीश. त्यांच्या ह्या उद्योगास घरगुती म्हणणें म्हणजे पेशव्यांच्या मुदपाकखान्यास चूल म्हणण्यासारखें आहे. म्हणून त्याचा विस्तार आम्ही करीत नाहीं. एडिसन यांस मात्र ह्या सांठवणीच्या घटांचा प्रथम भारी तिटकारा असे. भांडवलवाल्यांस फसविण्याचें हें एक साधन आहे, असें त्यांचें मत होतें. पुढें त्यांनींच लोखंड व निकेल यांचा नवा घट सिद्ध करण्यांत आयुष्यांतील जवळजवळ दहा वर्षें घालविलीं, हें सांगितल्यावर अधिक टीका नको.

खरा फरक पडला तो प्रवाहाच्या जातीमुळें. एडिसन यांचा प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा. तो घटांत सरळ भरतां येई, आणि त्या काळच्या विद्युद्गृहांत रात्रीच्या मागणीसाठीं घटांच्या रांगा लावलेल्या असत. परंतु १८९५ नंतर नायगाऱ्याहून दूरवर वीज नेण्यांत यश आलें तें दिशा पालटणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाहास. हा प्रवाह लांब जातो, स्वस्त पडतो, परंतु घटांत जसाच्या तसा सांठवितां येत नाहीं. तो विजयी झाला आणि घट हळूहळू घराबाहेर पडला. घरांतील वीज ही यापुढें त्या क्षणीं कोठेंतरी दूर उत्पन्न होणारी वस्तु झाली. तिचा सांठा घरांत उरला नाहीं. मुख्य तार तुटली कीं सगळें घर एकदम काळोखांत, हा अनुभव माणसास नवाच होता. कारण तेलाचा बुधला निदान शेजाऱ्याच्या भांडणानें रिकामा होत नसे.

घराबाहेर पडलेला हा घट पुन्हा घरांत शिरला तो मोटारीच्या वाटेनें. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांची विजेनें सुरू होणारी योजना बसविली गेली. हातानें दांडा फिरवून मोटार चालू करण्याचे कष्ट वाचले, आणि थोड्याच वर्षांत प्रत्येक मोटारीबरोबर एक बॅटरी व एक डायनामो देशभर फिरूं लागले. मोटार मोडकळीस आली म्हणजे हीं दोन्ही अडगळींत पडत. अमेरिकेच्या विस्तीर्ण मैदानी मुलखांत शेतकऱ्यांचीं घरें मैलोगणती दूर. विद्युत्कंपन्यांस तिकडे तारा नेण्यांत नफा दिसेना. १९३५ च्या सुमारास शहरांतील दहांपैकीं नऊ घरीं वीज होती. शेतांवर हें प्रमाण नेमकें उलटें, दहांत एक असें होतें. पण रेडिओ सर्वांसच हवा होता. कित्येक शेतकरी रात्रीं मोटारीची बॅटरी काढून घरांत आणीत, तिच्यावर रेडिओ ऐकत, आणि सकाळीं ती पुन्हा मोटारींत बसवीत. ज्यांस हा व्याप नको असे ते भंगारांतला फोर्ड गाडीचा डायनामो घेत, लाकडाची फळी तासून विमानाच्या पंख्यासारखें पातें करीत, तें एका खांबावर चढवीत, आणि खालीं जुन्या बॅटऱ्या ठेवून त्या भरीत. यंत्रांविषयींच्या लोकप्रिय मासिकांतून ह्याचे नकाशे छापून येत. मोंटाना संस्थानांतील जेकब्स बंधूंनीं आपल्या कुरणावर असाच खटाटोप आरंभिला, आणि त्यांतून पुढें तीन पात्यांच्या टिकाऊ पवनचक्क्यांचा धंदाच उभा केला. १९३५ च्या मे महिन्यांत रूझवेल्ट यांनीं ग्रामविद्युतीकरणाचें खातें काढलें. तारा जसजशा पुढें सरकल्या तसतशीं हीं पातीं फिरायचीं थांबलीं.

येथें थोडें विषयांतर करून ह्या विद्येचें मर्म सांगितलें पाहिजे. नाहीं तर पुढील हकीकतीचें मोल कळणार नाहीं. मोटारीची बॅटरी ही घरांत दिवा जाळण्यासाठीं केलेलीच नसते. तिचे पत्रे पातळ व पुष्कळ; क्षणभर शेंकडों अँपिअरचा लोंढा द्यावा आणि लगेच डायनामोनें तिला भरून काढावें, एवढेंच तिचें काम. तिच्याकडून रात्रभर थोडी थोडी वीज घेत ती तळापर्यंत रिकामी करणें म्हणजे शर्यतीचा घोडा नांगरास जुंपणें होय. कांहीं महिन्यांतच ती बसते. रिकामी तशीच ठेविली तर पत्र्यांवरील पांढरा क्षार कठीण होऊन बसतो आणि मग कितीहि वीज सोडली तरी तो विरघळत नाहीं. म्हणून टाकलेल्या ढिगांतून जीव असलेली बॅटरी ओळखणें हीच पहिली कला. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा घट असतात, प्रत्येकीं दोन व्होल्टचा. भरूनहि ती साडेदहाच्या वर चढेना, तर एक घट मेला असें समजावें. काचेच्या नळींतला तरंगणारा मापक आम्लांत बुडविला तर भरलेल्या घटांत विशिष्ट गुरुत्व १.२६ च्या आसपास आणि रिकाम्यांत १.१२ च्या आसपास दिसतें. सहांपैकीं एखादाच घट मागें असेल तर चोर सांपडला. पूर्वी बॅटरीच्या माथ्यावर घट जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या असत आणि कुशल कारागीर आजारी घट काढून दुसरा बसवीत असे. हल्लींच्या बंद पेटींत ती सोय राहिली नाहीं. अनेक जुन्या बॅटऱ्या समांतर जोडल्या तर त्यांतील दुबळी बाकीच्यांची शक्ति शोषून घेते. एकत्र कुटुंबांतील कर्जबाजारी भावासारखी तिची स्थिति असते. शिवाय भरतांना जो वायु सुटतो त्यांत हैड्रोजन असतो. बंद खोलींत एक ठिणगी पडली तर स्फोट ठरलेला. आणि हिशेब फारसा उदार नसतो. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरींत कागदावर ७२० वॅट-तास. तिला जपावयाचें तर अर्धेच घ्यावे. त्यांतून बारा व्होल्टचे २३० व्होल्ट करणारें यंत्र आपली दस्तुरी कापून घेतें. उरतात ते तीनशें. दहा वॅटचे दोन दिवे पंधरा तास. एवढ्याचसाठीं माणसें काय करतात तें आतां पाहूं.

१९९२ च्या एप्रिलांत बोस्नियाची राजधानी सारायेव्हो हिला वेढा पडला. तो १९९६ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकला. आधुनिक शहराच्या वेढ्यांत तटबंदी फोडावी लागत नाहीं. पाणी, गॅस आणि वीज यांचे खटके वेढा घालणाऱ्यांच्या हातीं असले म्हणजे पुरे. दाराशीं मोटारी होत्या, पेट्रोल नव्हतें. लोकांनीं मोटारींतील बॅटऱ्या काढून वरच्या मजल्यांवर नेल्या. त्यांच्यावर रेडिओ लागे, आणि बाहेरच्या जगांत आपल्याविषयीं काय चाललें आहे तें कळे. प्रश्न असा कीं ती बॅटरी रिकामी झाल्यावर भरावयाची कशी?

ह्या प्रश्नाचें सर्वांत नांवाजण्यासारखें उत्तर पूर्व बोस्नियांतील गोराझ्दे ह्या गांवानें दिलें. ड्रीना नदी म्हटली म्हणजे आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ईव्हो आंद्रिच यांची विशेग्रादच्या पुलावरील कादंबरी आठवेल. गोराझ्दे त्याच नदीवर, विशेग्रादच्या वरच्या अंगास आहे. १९९२ च्या वसंतापासून हें गांव वेढलें गेलें. आसपासच्या खेड्यांतील निर्वासितांनीं तें फुगलें. १९९३ च्या मे महिन्यांत संयुक्त राष्ट्रांनीं त्यास सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलें, आणि त्या शब्दाची किंमत काय हें पुढील दोन वर्षांत दिसून आलें. वीज तर केव्हांच तोडली गेली होती. परंतु डोंगर शत्रूच्या ताब्यांत असले तरी नदी कोणास थांबवितां आली नाहीं. लोकांनीं रिकामीं पिंपें एकत्र बांधून तराफे केले, त्यांवर पाणचक्रें बसविलीं, मोटारींतले डायनामो व कपडे धुण्याच्या यंत्रांतील मोटारी त्यांस जोडल्या, आणि हे तराफे दोरांनीं पुलास बांधून प्रवाहांत सोडले. नदीचें चक्र सावकाश फिरतें आणि डायनामोस वेग लागतो. म्हणून पट्टे, सायकलींचीं चक्रें, जें हातीं येईल तें मध्यें घालून वेग वाढविणें भाग होतें. पुलाजवळून घराघरांत तारा गेल्या. दिवे लागले, रेडिओ बोलूं लागला, बॅटऱ्या भरूं लागल्या. हीं यंत्रें सरकारी इंजिनियरांच्या योजनेबरहुकूम झालेलीं नव्हतीं. एकानें केलें तें पाहून दुसऱ्यानें केलें.

पुलावरून उघड्यानें जाणाऱ्यांवर डोंगरांतून नेम धरून गोळ्या झाडीत. म्हणून गांवानें पुलाच्या पोटाखालीं लांकडी पायवाट टांगली होती. एकाच पुलाच्या आश्रयानें माणसें जीव वांचवून पलीकडे जात होतीं आणि त्याच पुलास बांधलेल्या तराफ्यांवर वीज तयार होत होती. युद्धाच्या इतिहासांत आम्हीं अनेक पुलांचीं वर्णनें वाचलीं आहेत. परंतु तीं सर्व पूल जिंकण्याचीं किंवा उडवून देण्याचीं आहेत. १९९५ च्या अखेरीस डेटनचा तह झाला त्याच्या कलमांत ह्या तराफ्यांचा उल्लेख असण्याचें कारण नव्हतें. तथापि सारायेव्होच्या ऐतिहासिक संग्रहालयांत वेढ्याच्या काळांतील घरगुती चुली, दिवे वगैरे वस्तु जपून मांडल्या आहेत, आणि तहाच्या मसुद्याइतकाच विश्वसनीय पुरावा म्हणून त्यांकडे पाहणारे इतिहासकार आतां निघाले आहेत, हें योग्यच झालें. मसुद्यांत काय ठरलें तें असतें. दिव्यांत लोक कसे जगले तें असतें.

आफ्रिकेंतील मलावी देशांत २००१-०२ च्या दुष्काळांत फी न भरतां आल्यामुळें शाळा सुटलेला विल्यम कामक्वांबा हा मुलगा गांवच्या लहानशा ग्रंथालयांतील पुस्तकांतले नकाशे पाहून पवनचक्की उभारतो, तिच्यांत ट्रॅक्टरचा पंखा, सायकलीची मोडकी चौकट आणि पाण्याच्या नळाचीं पातीं घालतो, आणि पुढें मोटारीची बॅटरी जोडून घर उजळतो, ही कथा आतां सर्वतोमुखीं झाली आहे. तिजवर ग्रंथ व चित्रपटहि निघाले. म्हणून तिचा उल्लेख करून आम्ही आपल्याकडे वळतों.

१९६७ च्या डिसेंबरच्या ११ तारखेस कोयनेस भूकंप झाला तेव्हां मुंबईचे कारखाने बंद पडले, आणि शंभर मैलांपलीकडच्या एका खोऱ्याशीं आपली दिवाबत्ती किती घट्ट बांधली आहे हें मुंबईकरांस प्रथम जाणवलें. खेड्यांचा अनुभव निराळा. १९८७ सालीं दूरदर्शनवर रामायण सुरू झालें तेव्हां रविवारीं सकाळीं ऐन वेळीं वीज जाईल ह्या भीतीनें, किंवा ती मुळांतच नसल्यामुळें, अनेक गांवीं ट्रॅक्टरची बॅटरी पारावर आणून संचास जोडीत. पुढें ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत भारनियमन हा शब्द महाराष्ट्रांत पोराबाळांच्या तोंडीं बसला. परीक्षेच्या दिवसांत मुलें कंदिलाशीं बसलेलीं पाहून ज्या घरांत थोडा पैसा होता तेथें इन्व्हर्टर आला. जेथें नव्हता तेथें गल्लींतल्या कारागिरानें जुन्या बॅटरीस नवें आम्ल घालून व कोणत्या तरी मोडक्या यंत्रांतील ट्रान्स्फॉर्मर बसवून स्वस्तांत तोच संच करून दिला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचा अभ्यास अशा निनांवी संचांच्या उजेडांत झाला आहे. हल्लीं शिशाची जागा लिथियमच्या घटांस मिळूं लागली आहे, आणि टाकलेल्या लॅपटॉपांतून बोटाएवढे घट शेंकड्यांनीं काढून त्यांची घरगुती बॅटरी बांधणारे हौशी लोक सर्व देशांत आहेत. त्यांतील आगीचा धोका मात्र शिशाच्या घटाहून पुष्कळ अधिक आहे.

आतां शेंदराची दुसरी बाजू. बॅटरी मेली म्हणजे तिच्यांतील शिसें मरत नाहीं. तें वितळवून पुन्हा वापरतां येतें, म्हणून त्यास भाव असतो. सेनेगाल देशाची राजधानी डकार, तिच्या उपनगरांत त्यारोय-सुर-मेर म्हणून एक वस्ती आहे. तेथें जुन्या बॅटऱ्या फोडून शिसें काढण्याचा धंदा बरींच वर्षें उघड्यावर चालत असे, आणि त्याचा चुरा मातींत मिसळलेला होता. शिशाचा भाव चढला तेव्हां वस्तींतील बायका ती माती पोत्यांत भरून घरीं आणूं लागल्या व अंगणांत चाळणीनें चाळून शिशाचे कण वेंचूं लागल्या. १९०० सालच्या कोंकणांतील तांदूळ पाखडणाऱ्या बायका डोळ्यांपुढें आणाव्या. पाठीशीं मूल बांधलेलें, आणि धूळ उडते आहे. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत त्या वस्तींत १८ लहान मुलें दगावलीं. प्रथम कारण कोणास कळेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं तपासणी केली तेव्हां हयात भावंडांच्या व मातांच्या रक्तांत शिसें भयंकर प्रमाणांत निघालें. बायका चाळीत होत्या ती वाळू नव्हती, विष होतें. पण त्यांस तें सांगणारें कोणी नव्हतें, आणि सांगितलें असतें तरी दिवसाच्या मजुरीस पर्याय काय, हा प्रश्न राहतोच.

आपल्या देशांत बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीचे नियम २००१ सालीं झाले आणि २०२२ सालीं त्यांच्या जागीं नवे आले. जो बॅटरी बनवितो त्यानेंच ती परत गोळा करून तिची व्यवस्था लावण्याची जबाबदारी घ्यावी, असें नवे नियम सांगतात. दुकानदार जुनी बॅटरी परत घेऊन नवीच्या किंमतींत सूट देतो ती रीत त्याहून जुनी आहे. सूट वजनावर ठरते. ती परत दिलेली बॅटरी हातगाडीवर कोणत्या दिशेस गेली, हें मात्र दुकानाच्या पावतीवर लिहिलेलें नसतें.